शाश्वत आहार: कोल्हापूरच्या ताटासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाश्वत आहार म्हणजे शाकाहारच ना?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१० मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात शाकाहाराची अट नाही. अन्न पोषक हवं, परवडणारं हवं, त्या भागातल्या लोकांच्या खाण्याच्या रीतीला धरून हवं आणि ते पिकवताना माती, पाणी, हवा यांच्यावर भार कमी पडायला हवा, एवढंच ती म्हणते. भाकरी, मटकीची उसळ, पोकळ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक हे ताट या व्याख्येत जवळजवळ जसंच्या तसं बसतं. त्यामुळे कोल्हापुरात नवे पदार्थ शोधण्यापेक्षा प्रमाण सुधारण्याचं काम मोठं आहे. मटण, साखर, तेल आणि पांढरा भात हे चार जिन्नस वाढत गेले, आणि कडधान्य व पालेभाजी मागे पडली.

मग रोज किती खायचं? ग्रॅममध्ये सांगा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं आपल्यासाठी सगळ्यात उपयोगी आहेत. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांचं ताट असं: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिली. धान्य आणि डाळींची वजनं शिजवण्याआधीची आहेत. मांसाहारी घरात ८५ पैकी ३० ग्रॅम डाळीच्या जागी ८० ग्रॅम मांस चालतं.

घरच्या भाषेत मांडायचं तर २५० ग्रॅम धान्य म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, दोन लहान चपात्या आणि ७० ग्रॅम तांदळाचा भात. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे आमटीत ३० ग्रॅम तूर, ४० ग्रॅम मटकी किंवा हुलग्याची उसळ आणि झुणक्यापुरतं बेसन. दाण्यांचे ३५ ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि दोन चमचे जवस किंवा कारळ्याची चटणी. तेलाचा हिशेब महिन्यावर करा. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरायला हवं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर कुठे कापायचं ते कळलंच.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आठवडाभर वापरून बघा. बहुतेक घरांत धान्य अंदाजापेक्षा बरंच जास्त आणि भाजी निम्म्याहून कमी निघते.

मटण सोडावं लागेल का?

सोडायची गरज नाही, मोजायची आहे. शेळ्या-मेंढ्या रवंथ करतात. त्यांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११९ देशांतल्या शेतांची माहिती एकत्र केलेल्या अभ्यासात १०० ग्रॅम प्रथिनांमागे शेळी-मेंढीच्या मांसाचं उत्सर्जन साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं भरलं. कोंबडीचं पावणेसहा किलो, अंड्यांचं चारच्या थोडं वर, शेंगदाण्याचं सव्वा किलो आणि डाळींचं एक किलोहून कमी. ही जगाची सरासरी आहे. आपल्याकडची बकरी बांधावर आणि माळावर चरते, धनगरांची मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून जमिनीचा आणि खताचा हिशेब इथे बराच बरा आहे. मिथेन मात्र चारा कुठलाही असला तरी निघतोच.

प्रमाण किती? २०१९ च्या ईट-लॅन्सेट आयोगाने लाल मांसासाठी दिवसाला सरासरी १४ ग्रॅम सुचवले, म्हणजे आठवड्याला साधारण १०० ग्रॅम. बुधवार, शुक्रवार आणि रविवार असे तीन वार मटण होत असेल, तर एक वार मटणाचा, एक अंड्याचा आणि एक कडधान्याचा ठेवा. चार माणसांना हाडांसकट अर्धा किलो पुरे. त्यातून माणशी ८०-९० ग्रॅम मांस येतं.

अर्ध्या किलोत तांबडा-पांढरा होतो का? होतो. चूक इथे होते: मटण निम्मं करतात आणि पाणी पूर्वीइतकंच ठेवतात, मग रस्सा पचपचीत लागतो. अर्ध्या किलोला सव्वा लिटरपेक्षा जास्त पाणी नको. नळी आणि चाप मागून घ्या, आलं-लसूण, हळद, मीठ लावून मंद आचेवर पाऊण तास शिजवा. आळणी (मटण शिजलेलं पाणी) गार झालं की वर जमलेला चरबीचा थर चमच्याने काढा आणि मग दोन भाग करा. तांबड्याला अंग येतं ते भाजलेल्या कांदा-खोबऱ्याने आणि तिळाने, त्यामुळे मटण कमी झाल्याचं जिभेला फारसं कळत नाही. पांढऱ्यात नारळाच्या दुधाचं स्निग्ध बहुतांश संपृक्त असतं. निम्मं नारळाचं दूध आणि निम्मं तीळ-खसखशीचं वाटण घेतलं तर तेही कमी होतं. खिम्यात पाव किलोला १५० ग्रॅम भिजवलेला अख्खा मसूर घाला, पण मसूर आधी तीन-चतुर्थांश शिजवून घ्या. दोन्ही एकदम टाकले तर खिमा कोरडा पडतो आणि मसूर कच्चा राहतो.

म्हाई, जत्रा, पाहुणचार यांचा हिशेब घालत बसू नका. वर्षाचं गणित ठरतं ते नेहमीच्या आठवड्यावर.

तब्येतीच्या दृष्टीने मटणाचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आणि साधं लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा कापायचंच तर आधी फ्रीजरमधली पाकिटं कापा. वाढत्या मुलांच्या आणि गरोदर बाईच्या वाटणीचा तुकडा मात्र काढून घेऊ नका. मांसातलं लोह शरीराला सहज लागू पडतं. घरात मटण कमी करायचं झालं की पहिली कात्री बायकांच्या ताटाला लागते, आणि तिथेच रक्त सगळ्यात कमी असतं.

चिकन, अंडी, मासे?

अंडं हा सगळ्यात सोपा बदल. चिकन मटणापेक्षा हवामानाला बरंच हलकं आहे. तिथली काळजी प्रतिजैविकांची. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जात होतं, म्हणून भारत सरकारने २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. ताजं चिकन आणलं की उघड्या बेसिनमध्ये धुवत बसू नका, शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर पसरतात. नीट शिजवणं महत्त्वाचं.

मासे घाट उतरून रत्नागिरी-मालवणकडून येतात. तारली, बांगडा असे लहान मासे घ्या. ओमेगा-३ भरपूर आणि भाव कमी. १ जून ते ३१ जुलै हा प्रजननाचा बंदीकाळ, तेव्हा समुद्री मासळी टाळा. पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना दिसले, तर ते कुणी फुकट दिले तरी खाऊ नका.

दूधही गाई-म्हशींचंच. मग तेही कमी करायचं?

३०० मिलीपर्यंत नको. इथे इतर देशांचे आकडे डोळे झाकून लावणं चुकीचं ठरेल. तिकडे जनावरांसाठी मका आणि सोयाबीन मुद्दाम पिकवतात. आपल्याकडची म्हैस मुख्यतः वाडं (उसाचे शेंडे), कडबा आणि पिंजर (भाताचा पेंढा) खाते, म्हणजे माणसाला न खाता येणारा पिकाचा उरलेला भाग. मिथेन निघतो, पण त्यासाठी वेगळी जमीन फारशी लागत नाही. शिवाय शाकाहारी घरात बी१२ जीवनसत्त्व मिळण्याचा दूध हाच मुख्य रस्ता आहे.

कमी करायचं ते दुधाचं आटवलेलं रूप. एक किलो खव्याला चार-पाच लिटर दूध आटतं, आणि वर साखर. पेढा-बर्फी सणाला, रोज ताक. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश असतो. तापवून गार केल्यावर साय काढलेलं दूध मोठ्या माणसांना पुरे.

गोठा असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नुसत्या वाड्यावर म्हैस ठेवू नका. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि दुधावरची म्हैस खंगते. सोबत कडबा, हिरवा द्विदल चारा आणि खनिज मिश्रण हवंच.

भात की भाकरी?

दोन्ही, पण भाकरी पुढे. भातखाचरात पाणी साचलं की मातीत हवा राहत नाही, आणि बिनहवेच्या मातीतले जंतू मिथेन बनवतात. जागतिक सरासरीत एक किलो तांदळामागे साधारण साडेचार किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. खाचर मधूनमधून कोरडं होऊ देण्याच्या पद्धतीने मिथेन बराच घटतो, पण त्यासाठी पाणी आपल्या हातात हवं. गगनबावड्याच्या पावसात खाचर कोरडं ठेवायला कुणाला जमणार? तिथल्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. भात खायचा तर आजरा घनसाळसारखा आपल्याच डोंगरातला, भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ घ्या, कमी पॉलिश केलेला घ्या आणि ताटात ७०-८० ग्रॅमवर थांबा.

जोंधळ्याचं म्हणाल, तर शाळू रब्बीच्या ओलीवर येतो, रासायनिक खत कमी मागतो आणि धान्यासोबत कडबा देतो. भाकरी सोडण्याचं कारण बहुतेकदा पीठ असतं. दळून महिना झालेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते, मग ‘मला जमत नाही’ म्हणून चपातीवर येतात. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, पाणी उकळतं घ्या, चांगलं मळून लगेच थापा. धान्य लक्ष्मीपुरीच्या बाजारातून घ्या किंवा थेट शेतकऱ्याकडून. सोंड्याची कीड बघायची तर मूठभर दाणे पाण्यात टाका, किडके तरंगतात.

मुलांना नाचणी कशी द्यायची?

नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, कुठल्याही नेहमीच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त. सत्त्वासाठी नाचणी १२ तास भिजवा, उपसून ओल्या सुती कापडात २४ ते ३६ तास बांधून ठेवा, मोड आले की सावलीत पसरा आणि मग कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मंद आचेवर भाजून दळा, वस्त्रगाळ करू नका, कोंड्यातच बरंच काही असतं. पावसाळ्यात हे करू नका. नीट न वाळलेल्या मोडांना बुरशी लागते आणि भाजल्याने बुरशीचं विष जात नाही. आंबील करताना पीठ रात्री ताकात कालवून ठेवलं तर लोह शोषलं जाण्यातला अडथळाही कमी होतो.

कडधान्यं खाल्ली की पोट फुगतं.

सुरुवात मुगाने करा, मग मसूर, मटकी, चवळी. हरभरा, पावटा, वाटाणा शेवटी. पहिले दोन आठवडे अर्धी वाटी शिजलेलं, मग वाढवा. वात धरणाऱ्या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून ८ ते १० तास भिजवून ते पाणी ओता. भिजवल्याने चुलीचा गॅसही वाचतो. आणखी वाचवायला शिट्टी झाल्यावर आच बारीक करून, वेळेआधी बंद करून वाफेवर मुरू द्या.

मोडांना चिकट तार किंवा आंबूस वास आला की फेकून द्या. होतं असं की कडधान्य निथळून न घेता बांधतात, किंवा उन्हाळ्यात गाठोडं २४ तास तसंच ठेवतात. एप्रिल-मेमध्ये मटकीला १० तास पुरतात, डिसेंबरमध्ये २०. कच्चे मोड गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी माणसांना देऊ नका, वाफवून द्या.

मिसळ चालेल?

मटकी उत्तम, कट जपून, फरसाण कमी. फरसाण आणि बेकरीच्या मालात पामतेल सर्रास असतं. घरी केली तर चार माणसांना २५० ग्रॅम मटकी, फोडणीला ४ मोठे चमचे तेल, आणि फरसाणाऐवजी भाजलेले पोहे, शेंगदाणे व भरपूर कांदा. पावाच्या जागी भाकरी कुस्करून बघा.

साखरेऐवजी गूळ खाल्ला की झालं ना?

शरीराला दोन्ही साखरच. गुळात खनिजं थोडी आहेत, पण लोह भरून काढण्याएवढा गूळ खाल्ला तर साखर कितीतरी पट होईल. मधुमेह्यांना गूळ चालतो हा समज इथे खोलवर बसलाय आणि त्याने नुकसान होतंय. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅम साखरेवर थांबायला सांगते, आणि तेवढ्यात गूळही आला. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चहातच ३५-४० ग्रॅम झाले. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा; एकदम सोडलेली साखर महिन्याभरात परत येते.

गूळ घ्यायचाच तर पिवळाधमक शोधू नका. रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस ओतला की मळी वर येते आणि ती काढता येते, ही गुऱ्हाळाची जुनी पद्धत. रंग उजळवायला हायड्रॉस हे रसायन वापरतात, त्यातून गंधकाचा अंश गुळात राहतो. तांबूस-तपकिरी ढेप जास्त भरवशाची. एक किलो गुळाला साधारण नऊ-दहा किलो ऊस लागतो.

आता पर्यावरणाचं. ऊस १२ ते १८ महिने रानात असतो. सऱ्या भरभरून पाणी आणि युरिया दिल्याने शिरोळ तालुक्यात चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. जास्तीचं नत्र निचऱ्याने नदीत जातं, सांडपाण्याची त्यात भर पडते आणि पंचगंगेवर जलपर्णीचा गालिचा चढतो. मातीत उरलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. फडात पाचट जाळलं की धूर वेगळा.

तुम्ही चहात साखर कमी केली म्हणून उसाचं क्षेत्र घटणार नाही. शेतकरी ऊस लावतो कारण त्याला ठरलेला भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक आहे. हरभऱ्याला तसं नसतं. म्हणून शहरातल्या घरांनी सगळ्यात कामाची गोष्ट करावी ती ही: वर्षाची तूर, मूग, हरभरा, हुलगा सुगीला थेट जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून ठरवून घ्यावा. उसात पहिले तीन महिने भुईमूग किंवा हरभऱ्याचं आंतरपीक येतं, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात आणि युरिया कमी लागतो. पाच-दहा घरांनी मिळून एक-दोन पोती आधीच सांगून ठेवली, तर आंतरपीक घ्यायला शेतकऱ्याला कारण मिळतं.

मांस कमी केल्यावर लोह आणि बी१२ कुठून?

भारतात २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता, त्यामुळे हा प्रश्न गंभीर आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. हुलगा, मसूर, बाजरी, तीळ, अळीव, राजगिऱ्याचा पाला यांत ते असतं, पण शरीर त्यातला थोडाच भाग घेतं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा किंवा पेरू ठेवा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. हे तीन नियम पाळले तर त्याच ताटातून बरंच जास्त लोह मिळतं. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर थोडी भर पडते.

बी१२ वनस्पतींत नसतं. इडली, आंबील, स्पिरुलिना यांतून ते मिळतं असं सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. गरज दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम. ३०० मिली दुधातून सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं, एका अंड्यातून अर्धा. दूधही न घेणाऱ्यांना गोळी लागतेच. हातापायांना मुंग्या, जीभ सोलवटणं, सतत थकवा असेल तर तपासणी करा. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व आणखी कमी होतं. फक्त फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

स्थानिक आणि सेंद्रिय घेतलं की पुरे?

अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्के. काय खाता हे कुठून आलं यापेक्षा मोठं. विमानाने येणारी फळं हा अपवाद. स्थानिक घेण्याचे फायदे दुसरे: ताजेपणा, हंगाम आणि पैसा जिल्ह्यात राहणं. कपिलतीर्थ मंडईत पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी येते, ती जरूर घ्या. ओळख नसलेली रानभाजी मात्र विकणाऱ्या बाईंना कृती विचारूनच. सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघा. नुसत्या पाटीला अर्थ नाही.

उरलेल्या अन्नाचं काय करावं?

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. ते कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजलं की पुन्हा मिथेन. भात मोजून लावा: माणशी ७० ग्रॅम. उरलाच तर दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात एक जंतू असं विष तयार करतो की फोडणी दिली तरी ते जात नाही. पालेभाजीचे कोवळे देठ भाजीत, जाड देठ आमटीत. शिळी भाकरी ताकात कुस्करा. सालं-देठांचं खत करताना एक थर ओल्याचा, दोन थर वाळल्या पानांचे. वास सुटला तर ओल जास्त झाली आहे, पाचट किंवा भुसा घाला आणि हलवा.

कुणी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा?

मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळ, दाणे आणि पालेभाजीचं प्रमाण रक्ततपासणीवर ठरतं, या पानावरून ठरवू नका. मुतखडा झालेल्यांनी पालक, चुका, राजगिरा बेताने घ्यावा आणि दह्यासोबत घ्यावा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात एकदम निम्मा केला तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. डोस आणि ताट एकाच वेळी बदलावं लागतं. दोन वर्षांखालच्या बाळाला कोंडा जास्त असलेलं धान्य भरवलं की पोट लवकर भरतं आणि कॅलरी कमी पडतात, तेव्हा त्याच्या पेजेत चमचाभर तूप घाला.